अर्ध्या डब्याची चाकं

मोखाड्यात आगगाडी कधी आली नाही, पण आगगाडीचा अर्धा डबा मात्र होता. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा, मधोमध करवतीने कापलेला. लाकडाच्या एका ठेकेदाराने मोडीत निघालेला जुना डबा लिलावात घेतला होता. आपल्या वखारीवर आगगाडीच्या डब्यात कचेरी थाटायची, अशी त्याची हौस. घाटाच्या वळणांवर अख्खा डबा मावेना, म्हणून त्याने त्याचे दोन तुकडे केले आणि पहिला तुकडा लॉरीवर घालून वर आणला. दुसरा आणायच्या आत जव्हार संस्थान विलीन झालं, जंगलाचे कायदे बदलले, आणि ठेकेदार आपल्या हौसेसकट घाट उतरला तो परत आलाच नाही. डबा बाजाराच्या माळावर राहिला, एका बाजूने सताड उघडा. त्याला चाकं नव्हती. दगडांवर टेकून तो बसला होता आणि त्यात शेळ्या बसत.

मी त्या गावात आले ती मुलींच्या शाळेची बाई म्हणून. माहेर जव्हारचं. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. विलीनीकरणानंतर कचेरी ठाणे जिल्ह्याची झाली, वडील मात्र संस्थानीच राहिले. मुलगी शिकली, ट्रेनिंग झालं, आता लग्न, असं त्यांचं सरळ गणित होतं. मधेच माझी नेमणूक आडवी आली. "मोखाड्यात आठ दिवस टिकायची नाहीस," असं ते म्हणाले, म्हणून मी मुद्दाम ट्रंक भरली आणि सर्व्हिस मोटारीत जाऊन बसले. मला कुणी 'जमणार नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. या स्वभावापायी मी आयुष्यात बरंच काही कमावलं आणि त्याहून जास्त भांडणं केली.

मुलींची शाळा फक्त कागदावर होती. मुलगे मारुतीच्या देवळात बसायचे आणि मुलींच्या वाट्याला देवळामागचा ओटा आला होता. तिथे ऊन यायचं, कुत्री यायची, फक्त मुली यायच्या नाहीत. माझ्याआधीची बाई दोन महिन्यांत निघून गेली होती. शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीसाहेबांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं, "होळी झाली की मी येईन. स्वतंत्र खोली पाहिजे आणि खोलीत मुली पाहिजेत. दोन्हीतलं एक जरी नसलं तरी ही जागा जव्हारला जाईल."

जागा जव्हारला म्हणजे मी वडिलांच्या घरी, आणि वडिलांच्या घरी म्हणजे नाशिककडच्या एका मुलाच्या गळ्यात. वडिलांनी त्याचा फोटो पाठवला होता आणि मागे लिहिलं होतं, 'स्वभावाने गरीब'. फोटोतही तो इतका गरीब दिसत होता की मला त्याची खरोखर दया आली. पण दयेपोटी कुणी लग्न करतं का?

खोली बांधायला ना लाकूड होतं ना विटा. तेव्हा श्रमदानाची लाट होती, गावोगाव लोक कुदळी घेऊन रस्ते करत होते. आमच्या पोस्टमास्तरांच्या मनात आलं, की रस्ता नाही तर नाही, आपण शाळेसाठी डबा दुरुस्त करू. पोस्टमास्तरांनी आयुष्यात तीनदा आगगाडीचा प्रवास केला होता, तिन्ही वेळा कसारा ते कल्याण. त्यामुळे आगगाडी या विषयावर मोखाड्यात त्यांचाच शब्द शेवटचा होता.

पण हातात कसब होतं ते मिस्त्रींच्या. मिस्त्री जव्हारच्या गाडीखान्यात होते. संस्थानच्या बग्ग्या, टांगे, दमण्या, सगळ्यांची लाकडं त्यांच्या हाताखालून गेलेली. विलीनीकरणानंतर गाडीखाना बंद झाला, एकेक गाडी फाटकातून बाहेर गेली आणि मिस्त्री मोखाड्यात येऊन नांगर आणि चौकटी करू लागले. ते कामाला नाही कधीच म्हणत नसत, पण नांगर करताना त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यासारखा असायचा. डब्याचं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी शेळ्या हाकलल्या, मग बाकावर हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, साग आहे हा. बिचाऱ्याला कुणी विचारलंच नाही इतकी वर्षं."

दिवाळीपासून आम्ही कामाला लागलो. रोज दुपारी चार-पाच माणसं यायची आणि बाजाराच्या दिवशी दहा-पंधरा. मी काचकागदाने बाकं घासायची. घासता घासता माझी बोटं सोलवटून निघाली, पण मिस्त्रींसमोर हूं की चूं करायची सोय नव्हती, कारण ते माझ्या घासलेल्या फळीवरून अंगठा फिरवायचे आणि काचकागद परत माझ्या हातात द्यायचे. पोस्टमास्तर उभे राहून मार्गदर्शन करायचे. बाकं समोरासमोर पाहिजेत, खिडकीच्या झडपा वरून खाली पडल्या पाहिजेत, पायरी अशी नाही तशी पाहिजे. मिस्त्रींनी उघड्या बाजूला नवी भिंत घातली तेव्हा पोस्टमास्तरांनी तिच्यावर स्वतःच्या अक्षरात 'थुंकू नये' आणि 'साखळी ओढू नये' असं लिहिलं. साखळी नव्हतीच. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "नसली म्हणून काय झालं, कुणी ओढली तर?" खाली त्यांनी '३२ माणसांना बसण्यासाठी' असंही लिहून टाकलं.

जमिनीवर मिस्त्रींचा सगळ्यात जास्त जीव होता. त्यांनी एकेका फळीला रंधा मारला, फटी बुजवल्या आणि जवसाचं तेल सात वेळा चोळलं. शेवटी जमीन अशी झाली की पाऊल टाकायला भीती वाटावी. मग ते चार पावलं मागे सरले, डब्याकडे पाहत राहिले आणि मान हलवली.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"चाकं," ते म्हणाले. "चाकाशिवाय गाडी म्हणजे खोकं. मी खोकी करत नाही, बाई."

इथे माझी चूक झाली. खरं तर मी म्हणायला हवं होतं, की मिस्त्री, शाळेला चाकं कशाला? पण मलाही मोह झाला. मी उलट म्हटलं, "करा ना. मुलींना गंमत वाटेल." मिस्त्रींनी सागाच्या फळ्या जोडून चार भरीव चाकं केली, कमरेइतकी उंच, अगदी गोल. त्यांना काळाभोर रंग दिला आणि डब्याच्या अंगाला अशी बसवली की लांबून बघणाऱ्याला वाटावं, आता शिटी होईल. पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही दोन वेळा डब्याभोवती फिरून आले. वडिलांना ऐटीत पत्र टाकलं, की माझी शाळा तयार आहे.

होळीला आठ दिवस उरले होते. शाळा भरवायचा दिवस उजाडला. मी नवीन लुगडं नेसून डब्याच्या पायरीवर उभी राहिले. एकही मुलगी आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. डब्याच्या कामाला ज्यांचे बाप आणि आया येत होत्या, त्याच मुली माळावरून लांबून डब्याकडे बघायच्या आणि वळसा घालून जायच्या. तिसऱ्या दिवशी मी तणतणत त्या मुलींच्या पाड्यावर गेले. तिथे एक धवलेरी होती. वारल्यांची लग्नं लावणारी, गाणी म्हणणारी बाई. पाड्यावर तिचा शब्द चालायचा. ती मला अगंतुगं करायची आणि मीही तिला, तिकडची रीतच तशी. मी तिला चार शब्द सुनावले. लोकांनी एवढी मेहनत केली, मिस्त्रींनी हाडं झिजवली, आणि तुम्ही पोरींना पाठवत नाही, हे काय? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बघू."

या 'बघू'ने मला रात्रभर जाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याकडे गेले, तर मिस्त्री दारात उभे होते. आत जात नव्हते, बाहेरही येत नव्हते. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. ती तेल प्यायलेली, आरशासारखी जमीन शेणाने सारवलेली होती. कडेकडेने तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ ओढलेली. धवलेरी आणि तीन बायका कोपऱ्यातला शेवटचा हात मारत होत्या.

"सात हात तेल," मिस्त्री हळूच म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्याऐवजी मग मीच ओरडले. लाकूड सडेल, साहेब येणार आहेत, मिस्त्रींच्या जिवाला काय वाटेल, सगळं एका दमात. धवलेरीने हात पुसले आणि शांतपणे पायरीवर येऊन बसली.

"त्याला चाकं हायेत," ती म्हणाली. "चाकं असलेली वस्तू जायालाच असते."

मला हसू फुटलं. "अगं बाय, रूळच नाहीत तर जाणार कुठे?"

"आमी येड्या नाय," ती म्हणाली. "रूळ नाय ते आमाला बी दिसते. पण दिवाळी झाली का लॉरी येते, माणसा भरते, मिठागरावर कामाला नेते. चाकावर चढलेला माणूस इथं राहत नाय. आधीची बाई गेली. तू बी जाशील. तुझी ट्रंक अजून भरलेलीच हाय. माझी सून तुझ्याकडं पाणी भरते, तिनं बघली. पोरींना दोन अक्षरा शिकवशील आन मधेच टाकून जाशील. त्यापरीस नको."

माझं हसू गेलं. ट्रंक खरंच भरलेली होती. लागेल तेवढंच काढायचं आणि परत आत ठेवायचं, असं माझं पहिल्या दिवसापासून चाललं होतं. गावात कुणाला ते दिसत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला राग आला, कारण ते खरं होतं.

"मग सारवलंस कशाला?" मी विचारलं.

"सारवला का घर झाला. घर कुठं जात नाय. आमच्याकडून आमी एवढा केला. चाकं काय आमी काढायची नाय, ती मिस्त्रीची."

मिस्त्री सगळं ऐकत होते. "गाडीखान्यातल्या सगळ्या गाड्या मी चालत्या ठेवल्या," ते मला म्हणाले, "म्हणून सगळ्या गेल्या. नादुरुस्त असती तर एखादी राहिली असती." मग पेटीतून पाना काढून ते पहिल्या चाकाशी उकिडवे बसले. मी त्यांना थांबवलं नाही. दुपारपर्यंत चारही चाकं माळावर आडवी पडली होती आणि पोस्टमास्तर सुतकात असल्यासारखे पोस्टात जाऊन बसले होते.

एक चाक मिस्त्रींनी आत नेलं आणि नव्या भिंतीवर ठोकलं. शाळेला फळा नव्हताच, आणि काळा रंग तर आधीच दिलेला होता. दुसरं चहावाल्याने टेबलासाठी मागून नेलं. उरलेली दोन डब्याला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी धवलेरीची नात आली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. घासून घासून माझी बोटं ज्यांच्यावर सोलवटली, त्या बाकांवर एकही बसली नाही. सगळ्या सारवलेल्या जमिनीवर ओळीने बसल्या.

होळी झाली आणि डिपोटीसाहेब आले. पायरी चढले, सारवलेली जमीन पाहिली आणि आपोआप थांबले. सारवणावर बूट घालून कोण जाईल? वाकून नाड्या सोडायला त्यांना बराच वेळ लागला, आणि डाव्या मोज्याला भोक होतं हे अकरा मुलींनी पाहिलं. त्यानंतर साहेबांना फारसं कडक होता आलं नाही. त्यांनी 'साखळी ओढू नये' वाचलं, साखळी शोधली, आणि मग फळ्याकडे बोट केलं. "हा गोल का?"

धवलेरीची नात उभी राहिली. "ते चाक होता," ती म्हणाली. "आता फळा हाय."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. "खोली आहे. मुली आहेत," ते म्हणाले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पण आधीच्या बाई दोन महिन्यांत गेल्या. तुम्ही राहणार आहात ना?"

दाराशी धवलेरी उभी होती, तिच्यामागे मिस्त्री. सहा महिन्यांपूर्वी हा प्रश्न आला असता तर मी वडिलांना खोटं पाडायला तावातावाने 'हो' म्हटलं असतं. आता तसं म्हणवेना. त्या माणसांनी टाकलेल्या भरवशापुढे मला माझीच लाज वाटत होती आणि तो हवाही होता.

"मिस्त्री," मी म्हटलं, "बाहेर दोन चाकं पडली आहेत. त्यांच्या फळ्या सोडवून मला एक मांडणी करून द्या. माझे कपडे ट्रंकेत आहेत, ते काढून ठेवायचेत."

मिस्त्रींनी बाहेर जाऊन चाकांवर अंगठा फिरवला. "वेळ लागेल," ते म्हणाले. "नीट करायची तर."

"नीटच करा," मी म्हटलं.

त्या डब्यात मी पुढे अकरा वर्षं शिकवलं. जमीन दर पंधरा दिवसांनी बायका सारवायच्या, आणि दर मे महिन्यात मिस्त्री सगळं खरवडून खालच्या फळ्यांना गुपचूप तेल द्यायचे. मांडणी अजून माझ्या घरात आहे. भिंतीपासून पुढे ओढली, तर पाठीमागच्या फळ्यांना काळा रंग दिसतो.