भाऊजींची बुटकी गाडी

पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत आमच्या धाकट्या भाऊजींइतका चाकांवर जीव लावणारा माणूस सापडायचा नाही. स्वतःच्या पायात दोन वेगळ्या जोडांतल्या चपला असतात, पण गाडीची चाकं रोज ओल्या फडक्यानं पुसलेली. लग्न केलं नाही, सगळी हौस त्या जुन्या गाडीवर. स्प्रिंगा बदलून ती एवढी खाली बसवली की तिच्याखाली मांजर शिरत नाही. ब्रेकर आला की "उतरा बापा सगळे" म्हणतात, रिकामी गाडी तिरपी करून पलीकडे नेतात आणि आम्ही मागून चालत जाऊन बसतो. एकदा बोरगावला जाताना सासूबाई म्हणाल्या, "पायी आली असती तं लवकर पोचली असती मी."

मग चाकं आत दबलेली दिसतात म्हणून त्यांनी स्पेसर आणले. म्हणजे चाकामागे बसवायच्या जाड चकत्या. त्यानं चाक बाहेर सरकतं आणि गाडी ऐटीत उभी राहते. यात मात्र भाऊजी भारी कडक. चकती मधल्या गोलावर घट्ट बसावी, बोल्ट लांब असावेत, थोडं चालवून पुन्हा पाना लावून पाहावा. रामाकोन्याला एका मयतीला जाताना ते वाटेत बोल्ट आवळत बसले. आम्ही पोचलो तेव्हा लोक आंघोळी करून घरी निघाले होते.

माझ्या मुलीचं लग्न सौंसरच्या मुलाशी ठरलं. काकाच्याच गाडीत सासरी जाईन, हा तिचा हट्ट. अंगणात हळद चालली होती, तेवढ्यात भाऊजी वाटी घेऊन आले.

"वहिनी, थोडी हळद द्या."

"काहून? तुमचंबी आजच उरकून टाकायचं का?" मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. बायका हसून हसून लोळल्या.

भाऊजींनी ती हळद चाकावरच्या पत्र्याला आतून फासली. मग तीन धष्टपुष्ट मावश्यांना मागे बसवलं, मला पुढे, आणि जाम नदीच्या पुलापर्यंत फेरी मारली. परत येऊन वाकून पाहिलं तर मागचा टायर पिवळा! वजनानं गाडी दबली की पत्रा टायरला घासत होता. वाटेत टायर कापला गेला असता.

"आमचं वजन नडलं का रे?" एका मावशीनं विचारलं.

"तुम्ही बराबर आहा मावशी. चकतीच जाड आहे."

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, दुसरी गाडी सांगू का?"

त्यांनी जॅक लावला, मागच्या चकत्या काढल्या, डब्यातून जुने आखूड बोल्ट शोधून चाकं कसली. पुन्हा हळद, पुन्हा मावश्या, पुन्हा पूल. टायर काळेच राहिले.

"आता जाईन पोरगी," ते म्हणाले.

लग्न लागल्यावर तिला सौंसरला पोचवून ते संध्याकाळी परतले, तेव्हा मी भीत भीत म्हटलं, "आता लावा न चकत्या. गाडी बिचारी दिसून राहिली."

ते मागच्या सीटवरच्या अक्षता वेचत होते.

"राहू द्या वहिनी. पोरगी येईन न सणाला. जावई असन, सामान असन."

मग मागचं दार त्यांनी अगदी हळू लावलं, आत कोणी झोपलं असावं तसं.