काकूंच्या गुलाबांना अंघोळ

आता तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा बापहो! पण हातातला चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागायचा अन् ते पापही माझ्याच डोक्यावर.

हिंगोलीत आमच्या कॉलनीच्या मागं एक बाग आहे. म्हणजे आता बाग आहे. आधी तिथं अख्खी कॉलनी कचरा टाकायची. मग आम्ही काही रिकामटेकड्यांनी दर रविवारी सकाळी तिथं खपायचं ठरवलं. कुणी खड्डे खणायचं, कुणी पाणी घालायचं, कुणी झाडायचं. मी काय करायचो? मी सल्ले द्यायचो.

का नाही देणार? शेतकऱ्याचा पोरगा मी! जन्मभर कॉलेजात कारकुनी केली म्हणून काय झालं? "आमी मातीत वाढलेली माणसं" हे वाक्य मी त्या बागेत इतक्यांदा म्हणलो की झाडांचंही पाठ झालं असेल.

या सगळ्या फौजेवर हुकूम चालायचा सुमनकाकूंचा. निवृत्त नर्स. आवाज असा की सुई न टोचताच पेशंट बरा व्हावा! बागेच्या कोपऱ्यात त्यांचे गावठी गुलाब. वसमतला माहेरच्या अंगणात होते, त्यांची कलमं आणून लावलेली. पुढं ते घर विकलं गेलं, नव्या मालकानं अंगणभर फरशी टाकली. माहेरचं म्हणून काकूंकडं राहिलं काय, तर हे गुलाब. त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या थंडीत ते गुलाब मलूल दिसायला लागले. काकूंचा जीव खालीवर. मी म्हणलं, "काकू, माझ्यावर सोडा. गांडूळखताचं पाणी फवारतो, आठ दिवसांत बघा!"

"तुमी?" काकू म्हणाल्या.

नुसतं 'तुमी'. पण तेवढ्यात माझी सगळी इज्जत निघाली की हो!

मला ते झोंबलं. शनिवारी गावाकडं गेलो अन् धाकट्या भावाचा, बाळूचा, बॅटरीवरचा फवारणी पंप घेऊन आलो. रविवारी कुणी यायच्या आत, झुंजूमुंजू व्हायला बागेत हजर. कानटोपी डोक्यात, गांडूळखताचं पाणी भरलेला पंप पाठीवर, चष्म्यावर वाफ. समोरचं नीट दिसंना, तरी नळी अशी फिरवली, अशी फिरवली! हात लावून बघितलं, एकेक पान ओलंचिंब. अन् पंपाचा आवाज? अजिबात नाही. म्हणलं, वा रे मशीन! आमच्या वेळी दांडा हाणून हाणून खांदा निखळायचा.

पंप कडुलिंबाखाली उतरवला तेव्हा कंबरेत अशी कळ आली म्हणता! बाकावर टेकलो, तेवढ्यात बाळूचा फोन.

"दादा, हरभऱ्यावर अळी पडली. पंप न्यायला येऊन राहिलो."

"ये की."

"अन् त्यो धुऊन घेतला व्हता ना?"

"काहून?"

"अरे, बांधावर तणनाशक मारलं व्हतं त्याच पंपानं. म्या तसाच ठेवला व्हता."

तणनाशकाचा पंप न धुता दुसरीकडं वापरायचा नाही, हे शेतकऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. अन् हा मातीत वाढलेला माणूस काकूंच्या माहेरावर तणनाशक मारून बसला!

बादली उचलली, हौदाकडं पळालो अन् गुलाबांवर पाणी ओतायला सुरुवात केली. एवढ्यात यूसुफभाई आले. त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे, बागेत सगळ्यांच्या आधी येणार.

"क्या हुआ भाऊ? थंडीचं गुलाबाला अंघोळ काहून घालून राहिले?"

मी कानात सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"या अल्ला! काकू जित्ता सोडत न्हाईत तुमाला!"

अन् गड्यानं मुकाट दुसरी बादली उचलली. याला म्हणतात दोस्त.

पण आमचं नशीब! चहाचा थर्मास घेऊन काकू दारातच.

"हे काय लावलंय?"

"धूळ, काकू!" माझ्या तोंडातून निघून गेलं. "पानांवर धूळ बसली व्हती. झाडानं श्वास कसा घ्यायचा?"

काकूंचा चेहरा असा काही खुलला! "अगं बाई! आन् मी तुमाला नुसतं बोलघेवडं समजत व्हते." मग मागून येणाऱ्या सगळ्यांना ओरडून, "बघा रे! शिका जरा यांच्याकडून!"

झालं! सगळी मंडळी बादल्या घेऊन गुलाबांवर तुटून पडली. एकानं मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. एक महाभाग तर शॅम्पूची पुडी आणू का म्हणून विचारायला लागला! काकूंनी पहिला कप मला दिला, वर दोन बिस्किटं. तुम्हाला सांगतो, तो कप मी तसाच बाकावर ठेवला.

अन् मग काकू पदरानं पानं पुसायला बसल्या. एकेक पान, लेकराचं तोंड पुसावं तसं.

"आई रोज ह्याचंच फूल देवाला वाहायची," म्हणाल्या. "घर गेलं, पण वास त्योच हाय बगा."

"काकू, हात लावू नका!" मी ओरडलोच. "तणनाशक हाय त्याच्यावर! पंप धुतलाच न्हाई मी!"

सगळे जागच्या जागी थबकले. शूटिंग मात्र चालूच.

काकू मटकन खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या हळूच एवढंच म्हणाल्या, "आता ह्याची कलमं मी कुठून आणू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात फटफटी वाजली. बाळू आला, सरळ लिंबाखाली गेला अन् एका हातानं पंप उचलायला गेला.

"अयाई गं!" तो वाकडाच झाला. "दादा, ह्यो तर काठोकाठ भरेल हाय! मंग फवारलं काय?"

"फवारलं की! पानं ओलीचिंब झाली व्हती!"

बाळूनं खाली बघितलं. पायानं गवत हलवलं. "गवत बी ओलंच हाय की. दव पडलंय दादा." मग त्यानं पंपाला वळसा घातला, वाकला, अन् माझ्याकडं बघितलं. "बटन दाबलं व्हतं का?"

"कोणतं बटन?"

आधी यूसुफभाई फुटले, मग सगळी बाग! मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही, खरं सांगतो. छातीवरचा धोंडाच उतरला होता. गुलाबांना त्या पंपातला थेंबही लागला नव्हता! मी बाळूच्या गळ्यात पडलो, यूसुफभाईंच्या गळ्यात पडलो. डोळ्यांतून पाणी यायचं थांबंना. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, एकदा गुलाबांवरून हात फिरवला अन् उठल्या.

मी हात जोडले. "काकू, चुकलं माझं. पुन्हा तुमच्या गुलाबांच्या वाऱ्याला उभा राहणार न्हाई."

"राहा की! रोज या," काकू म्हणाल्या. "तुमचं मला काहीच भेव न्हाई. दुसरा कुणी असता तर झाडं गेली असती माझी. देवाची कृपा म्हणा, तुमच्या हातून कामच होत न्हाई!"