तारखेचे दहा गुण

जळगावला रेडिओ निवेदकांना शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली. नियमांची यादी पहिल्या दिवसापासून तीच, स्टुडिओच्या काचेला चिकटवलेली: बांगड्या काढा, कागद वाजवू नका, घड्याळ बघा. पण सगळ्यात वरचं कलम तारखेचं. सूचना वाचण्याआधी पत्रकावरच्या तारखेवर बोट ठेवायचं. विसरलात तर दहा गुण गेले.

गेल्या तुकडीत अमळनेरकडच्या खेड्यातली एक मुलगी होती. आवाज चांगला, वागणं उद्धट. चूक दाखवली की कारण सांगायची. दुसऱ्या चाचणीत तिने जुनंच पत्रक वाचलं. मी दहा गुण कापले आणि सगळ्यांदेखत म्हटलं की एसटी स्टँडवर हिची जास्त गरज आहे. बाकीचे हसले. आता एकच चाचणी उरली होती. तीत नापास झाली, तर निवेदकांमध्ये तिला घेता येणार नव्हतं.

चाचणीच्या सकाळी ती वहीचं पान घेऊन माझ्या टेबलापाशी आली. आदल्या दिवशी पहाटे शेतीच्या कार्यक्रमात मी वाचलेली कालव्याच्या पाण्याची सूचना तिने उतरवून घेतली होती. सोबत पाटबंधारे कार्यालयाचं नवं पत्रक टाचलेलं. पाणी सोडण्याची तारीख चार दिवस पुढे गेली होती.

"माझे वडील काल दिवसभर कोरड्या चारीवर बसून होते," ती म्हणाली. "तुमचे दहा गुण कोण कापणार, मॅडम?"

मी तिला बाहेर थांबायला सांगितलं आणि फाइल उघडली. नवं पत्रक खाली, जुनं वर. वाचताना माझं बोट कुठे होतं, मला आठवेना.

चाचणीत तिने तारखेवर बोट ठेवलं आणि काचेतून माझ्याकडे बघत सूचना वाचली. बेरीज काठावर आली, पास व्हायला पाच कमी. वागणुकीचे पाच गुण माझ्या हातात होते. ते न देणं सोपं होतं. ती गेली असती, आणि ते पानही.

मी पाचही दिले. संध्याकाळी दुरुस्ती स्वतः वाचली, चूक माझी होती असं सांगून. ती काचेपलीकडे हातात पेन घेऊन उभी होती. आभार तिने मानले नाहीत, मीही नाही.

आता आठवड्यातून तीन दिवस सूचना ती वाचते. मला ती अजूनही आवडत नाही. त्या तिन्ही दिवशी मी घरी कागद घेऊन रेडिओपाशी बसते. अजून एकदाही तिची तारीख चुकलेली नाही.