न कापलेला कोपरा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. खरं तर तिच्यापासून लपवावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नाही — सकाळी दुकान, दुपारी दुकान, रात्री घर. पण एवढी एक गोष्ट आहे. तुम्हाला सांगायला बसलोय आणि आत्ताच वाटतंय, थोडं फिरून सांगावं. तर फिरूनच सांगतो.

आधी माझ्याबद्दल चांगलं सांगू द्या. ते खरं आहे. शहाद्यात बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. उतारे, दाखले, पीकविमा — ते काय, सगळेच करतात. परदेशाचे फॉर्म मात्र गावात मी एकटा भरतो. पूर्वी त्यासाठी लोक सुरतेला एजंटाकडे खेटे घालायचे. आता सुरतेचे पाहुणे मला फोन करून विचारतात! मी स्वतः मुंबईच्या पुढे गेलेलो नाही, पासपोर्टही काढलेला नाही. पण माझ्या या फिरत्या खुर्चीवरून माणसं कोलंबोला उतरलीत, बँकॉकला उतरलीत. मला अभिमान आहे त्याचा. का नसावा?

लोक नेमके कुठे फसतात तेही मला पाठ आहे. ‘व्हिसा माफ’ एवढं कानावर पडलं की माणूस बॅग भरायला घेतो. अहो, प्रत्येक देशाची माफी वेगळी. नेपाळला आपल्याला व्हिसा नाही, विषय संपला. थायलंडनं व्हिसा सोडला, पण उतरण्याआधी ऑनलाइन कार्ड भरावंच लागतं. केनियानं तर व्हिसाच काढून टाकला आणि त्याच्या जागी ऑनलाइन प्रवास-परवानगी आणली. म्हणजे वकिलातीत हेलपाटा नाही, पासपोर्टवर काही चिकटवणं नाही. निघण्याआधी घरून अर्ज करायचा, पासपोर्टचा स्कॅन चढवायचा आणि मंजुरीची वाट पाहायची. लग्नाला पत्रिका नको, पण कोण येणार ते आधी कळवा, तसं. आणि मंजुरी बसते ती पासपोर्टच्या नंबरावर. पासपोर्ट नवा झाला, नंबर बदलला, की जुन्या नंबरावरचा कागद फुकट. विमानात चढायच्या आधीच काउंटरवर अडवतात.

हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. आणि नुसतं सांगून पटत नाही म्हणून पुढे पुरुषोत्तमनगरच्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्या मावशींनी चुकून जुना पासपोर्ट दिला आणि मुंबईहून परत आल्या — लोक कान देऊन ऐकतात. मी रंगवून सांगतो. ती गोष्ट तुम्हालाही सांगतो.

लीलामावशींचे यजमान साखर कारखान्यात होते, आता निवृत्त आहेत. घरातले सगळे कागद मावशींच्या ताब्यात. स्टीलचा चौकोनी डबा, आत प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीला रबर. कारखान्याच्या कॉलनीत कुणाला कसली झेरॉक्स कुठे लागते हे कळत नसलं, तर ते मावशींना विचारायचे. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण ऑफिसातला कारकून तिच्यापुढे सरळ बसायचा. त्यांची मुलगी कविता. जावई साखर कारखान्यात केमिस्ट. साखरेचं काम येणाऱ्या माणसाला आफ्रिकेत मागणी असते, तसा तो केनियाला गेला आणि कविताही गेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली. तेव्हा मावशी म्हणाल्या, “पोर येवाव नई ना? मंग मी जास.” डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी — माहेरच बॅगेत भरलं.

पासपोर्टची मुदत संपत आली होती. सहा महिने तरी शिल्लक लागतात, नवा करून घ्या, असं मीच त्यांना बजावलं. जुना स्कॅन केला, नव्यासाठी अर्ज केला. नवा आला, नवा नंबर घेऊन. जुना परत मिळाला तो रद्दचा शिक्का मारून, कोपरा कापून. मग केनियाचा अर्ज भरला. मंजुरीही आली. ज्या दिवशी विमान होतं त्या दिवशी सकाळीच त्यांच्या मुलाचा, हेमंतचा, मुंबई विमानतळावरून फोन.

“भाऊ, आईले आठेच थांबाडेल शे. नंबर जुळी नई ऱ्हायना.”

मी फाइल उघडली. एका नजरेत कळलं. आणि म्हणालो — अगदी सहज, आवाज न चढवता — “मावशीनी माले जुनाच पासपोर्ट दिधा व्हता.”

फोनवर मागून मावशींचा आवाज आला. “दिधा व्हई मी. मन्हंच ध्यान नई ऱ्हायनं.”

नवा अर्ज मी लगेच केला. तो मंजूर व्हायला दिवस गेले, मग तिकीट मिळायला आणखी गेले. तेवढ्यात कविताचे दिवस भरायच्या आधीच सिझेरियन करावं लागलं. जावई गाळपाच्या पाळीत अडकलेला. परक्या गावात, परक्या बायकांमध्ये ती पोर आई आई करत टेबलावर गेली. मावशी पोहोचल्या तेव्हा नातू पाच दिवसांचा होता. दोघंही बरी आहेत. पण मावशींनी मला परतल्यावर एकदाच सांगितलं, “पोर एखली पडनी भाऊ, मन्हामुये.”

मी काय म्हणालो? म्हणालो, होतं असं कधीकधी. मोठ्या मनानं माफ केल्यासारखं.

मागच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. नातवाच्या वाढदिवसाला जायचंय. डबा आता हेमंतच्या हातात असतो. घरात ठरलंय — आईकडे कागद द्यायचे नाहीत. कॉलनीतलेही आता त्यांना काही विचारत नाहीत. ज्या बाईची बोटं पिशवीचं रबर न बघता सोडायची, ती हात मांडीवर ठेवून बाकावर बसली होती. शेजारी एक नवीन गिऱ्हाईक होतं, हज की उमरा असं काहीतरी विचारायला आलेलं. त्याला मावशींनी आपण होऊन सांगितलं, “भाऊ कधी चुकस का? मीच जुना दिधा व्हता.”

आणि मी? मी त्या माणसाकडे बघून हसलो. म्हणालो, “बघा, मावशी स्वतःच सांगताहेत.”

आता सांगतो.

केनियाचा तो पहिला अर्ज भरला त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. मावशी एकट्याच होत्या. लाइट होती, नेट चालू होतं, मला बरंही होतं. त्यांनी डबा उघडला, पिशवीचं रबर सोडलं आणि पासपोर्ट माझ्यापुढे ठेवला. नवा. म्हणाल्या, “नंबर पाही ले भाऊ, नवा शे.” मी तो उघडलासुद्धा नाही. बोटानं परत त्यांच्याकडे सरकवला. “ठेवा मावशी,” म्हणालो, “तुमचं सगळं माझ्याकडे आहे.” केवढा ताठा होता त्या वाक्यात! आणि कॉम्प्युटरमध्ये आधीचा पडून असलेला स्कॅन चढवला. त्याची मुदत अजून जेमतेम सहा महिने शिल्लक होती, म्हणून अर्जानं तो बिनतक्रार घेतला.

तो स्कॅन आजही माझ्याकडे आहे. जुना पासपोर्ट रद्द व्हायच्या आधीचा — त्यावर शिक्का नाही आणि कोपराही कापलेला नाही. अर्जाच्या दिवशी असा पासपोर्ट मावशींच्या डब्यात असूच शकत नव्हता. कुणीही फाइल उघडून पाहिली असती तर लगेच कळलं असतं. कुणी पाहिली नाही, कारण मी चुकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

या वेळचा अर्ज मी नवा पासपोर्ट हातात धरून भरला, नंबर तीनदा ताडून पाहिला. परवा मंजुरी आली. हेमंतनं कागद पिशवीत घातला. त्याला रबर नीट लावता येईना. मावशींचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला, आणि त्यांनी तो परत ठेवला.

मावशी चुकल्या नव्हत्या.