आहेरात गेलेला राणीचा रुपया

भुताखेतांचे किस्से मी आजवर चहाबरोबर चवीने वाचले आणि विसरलो. राहतो बोरिवलीत, काम ऑडिटचं... पुरावा दाखवा, मग बोलू! पण हा प्रसंग माझ्याच डायनिंग टेबलावरचा आहे.

मला जुनी नाणी जमवायचा नाद आहे. वीस वर्षं शोधून व्हिक्टोरिया राणीचा एक प्रूफ रुपया मिळाला होता. प्रूफ म्हणजे चलनासाठी नव्हे, तर टांकसाळीने नमुन्यादाखल मुद्दाम पाडलेलं, आरशासारखं नाणं. दीडशे वर्षांनीही कोरंच दिसतं. तिथेच घात झाला.

रविवारी फोटो काढायला तो डबीसकट टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेलो. संध्याकाळी बघतो तर डबी रिकामी! बायकोनेही पाहिली.

आई मैत्रिणीच्या नातीच्या लग्नाहून नुकतीच आली होती. शांतपणे म्हणाली, "अरे, पाचशेवर एक घालायला रुपया हवा होता. हा छान चकचकीत होता."

"आई, वाट लागली! राणीचा होता गं तो!"

"मग काय झालं? आहेरही राणीसारखाच झाला. आणि परत मागायला गेलास तर माझ्या मैत्रिणीला कुठलं तोंड दाखवू मी?"

तरी दुसऱ्या दिवशी मुलुंडला गेलोच. आईच्या मैत्रिणीची नात गार्गी, म्हणजे नवरी, मांडवपरतणीला माहेरी आली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसत सुटली. "घ्या ना काका, त्यात काय!" पाकिटातून रुपया निघाला. भिंगातून पाहिला — राणीच्या कानाखाली टाचणीच्या टोकाएवढा तो ओळखीचा काळा ठिपका. माझाच!

घरी येऊन डबी उघडली... आणि आत रुपया होता. कानाखाली तोच ठिपका.

बायकोने दोन्ही हातात घेऊन आलटून पालटून पाहिले. नाण्यांतल्या एका जाणकार मित्राने दोन्ही तपासले. "दोन्ही अस्सल. पण डाग कधी सारखे पडतात का यार?"

आई एवढंच म्हणाली, "एक तिचा आहे. देऊन ये."

दोन दिवस हावरटासारखा दोन्हींकडे बघत बसलो. कुठला माझा, ते काही केल्या कळेना. शेवटी डोळे मिटून एक उचलला आणि पुन्हा मुलुंड गाठलं.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. पण वीस वर्षं मी नाणी फक्त घेत आलो होतो. पहिल्यांदाच एक देऊन आलो, आणि बोरिवली येईपर्यंत शिट्टी वाजवत होतो.