रिकाम्या फ्लॅटला सलाम

इथे आखातात, रोल्ला भागात भाड्याचं घर बघायला मी आणि नवरा गेलो, तेव्हा रत्नागिरीकडचे एक वयस्कर गृहस्थही तोच फ्लॅट बघायला आले होते. आपल्याकडच्याच एजंटने त्यांना नाव विचारलं आणि ऐकताच म्हणाला, "खलास, फ्लॅट गेला."

दार उघडं होतं. आत कुणीच नव्हतं.

"भेदभावाविरुद्ध कायदा आहे ना इथे?" मी त्यांना हळूच विचारलं.

"आहे की, ताई. पण मी नाव सांगितलं की रिकामं घर भरतं." मग त्यांनी उंबऱ्यातूनच रिकाम्या खोलीला अदबीने सलाम केला, क्षणभर उत्तराची वाट पाहिली आणि ते जिन्याने निघून गेले.

एजंटने आमचं नाव विचारलं आणि चावी दिली. आम्ही ती घेतली. उतरताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तरी तिसऱ्या माणसापुरती जागा सोडून उभे राहिलो.