पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझं सगळं त्याला माहीत आहे. मुलगा तर म्हणतो, आईच्या पोटात काही राहतच नाही. दोघांचीही समजूत चुकीची आहे. एक गोष्ट गेली अठ्ठावीस वर्षं माझ्या पोटात आहे आणि ती मी घरात कुणापाशी काढलेली नाही. तुम्हाला सांगते. मध्येच अडखळेन, इकडचं तिकडचं बोलेन — पण सांगणार आहे. आज सांगायचंच असं ठरवून बसले आहे.

आधी मी कोण ते. लोअर परळला जिथे गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे. तिच्या चौथ्या मजल्यावरच्या एका संस्थेत मी डिझाइन शिकवते. आणि भाषणं देते. दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या लालबाग-परळच्या चाळींमध्ये गुणगौरव समारंभ होतात. मुलांना पेन, बॅग, गुलाबाचं फूल, आणि वर पाहुणीचं मार्गदर्शन. ती पाहुणी मी. बोलायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू? मतंही ढीगभर आहेत. डिग्रीच्या कागदापेक्षा हात चालला पाहिजे. इंग्रजीला घाबरू नका, ती बोलता बोलता येते. शेजारचा मुलगा करतो तो कोर्स डोळे झाकून घेऊ नका. ही मतं आजही मागे घेत नाही. बरीचशी खरी आहेत.

पण एक गोष्ट —

शेवटी कुणीतरी हात वर करून विचारतंच, मॅडम, एआय आमच्या नोकऱ्या खाणार का? मग मी पदर खोचून उभी राहते. म्हणते, बाळांनो, माझी पहिली नोकरी गिरगावातल्या एका छापखान्यात. तिथे एक जुळारी होते. जुळारी म्हणजे एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ तयार करणारा माणूस. छापखान्यात कॉम्प्युटर आला. मालकांनी त्यांना शिकायची संधी दिली, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. मग मी त्यांची नक्कल करते. एक बोट हवेत धरायचं, मान पुढे काढायची, अक्षर शोधायचं, टक् — चुकलं. मुलं खो खो हसतात. आणि मी म्हणते, यंत्र कुणाची नोकरी खात नाही, शिकायला नकार देणाऱ्याची नोकरी जाते. टाळ्या.

एआयच्या आधी मुलं कॉम्प्युटरचं विचारायची, तेव्हापासून किती वर्षं सांगितलं असेल हे? मोजलेलं नाही. पाठ आहे, एवढं खरं.

आता खरं काय झालं ते.

त्या जुळाऱ्यांचं नाव दत्ताराम परब. मी त्यांना परबकाका म्हणत असे. चिंचपोकळीला चाळीत राहायचे, मूळचे मालवणकडचे. मी फणसवाडीतली, तेवीस वर्षांची, दादरला सहा महिन्यांचा कोर्स केलेली. छापखाना जुना. लग्नपत्रिका, पूजेची आमंत्रणं, मंडळांचे अहवाल अशी कामं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी एकच कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यासाठी काचेची खोली केली. त्या खोलीला देवघराचा मान होता, चपला बाहेर काढून जायचं. मला घेतलं ते तात्पुरतं. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, परब तीस वर्षं आहेत माझ्याकडे, त्यांच्या हातून चूक जात नाही. दीड महिना त्यांना शिकव. जमलं तर मशीन ते सांभाळतील. नाहीच जमलं तर तू कायम.

अण्णांचा स्वभाव सरळ. त्यांना यात काही वावगं दिसलं नाही. कुणाला शिकवायला सांगतोय आणि त्यात तिचं काय जाणार आहे, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल.

मी शिकवलं. मन लावून शिकवलं, हेही खरं आहे — म्हणूनच पुढचं जास्त वाईट. परबकाका शाईने काळे झालेले हात साबणाने घासून घासून धुवायचे आणि मग आत यायचे. बटणांवर इंग्रजी अक्षरं, ती त्यांना वाचता येत नव्हती. पण जुळाऱ्याचा हात वाचत नाही, त्याला जागा ठाऊक असते. खिळ्यांच्या लाकडी खणात प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं असतं. डोळे मिटून हात त्या घरात जातो. काकांनी कीबोर्डही तसाच डोक्यात बसवायला घेतला. पहिल्या आठवड्यातच त्यांनी विचारलं होतं, "चेडवा, हयली घरां हलनत नाय ना?" मुली, इथली घरं हलत नाहीत ना?

मी म्हणाले, "नाही काका, हलतील कशाला?"

हलत होती. सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरांच्या दोन-तीन मांडण्या होत्या. एक टाइपरायटरची, एक उच्चारावरून बसवलेली, आणखी एक. माउसने निवडायची, की तेच बटण दाबल्यावर वेगळं अक्षर उमटायचं. मी त्यांना टाइपरायटरची मांडणी शिकवली. बाकीच्या आहेत हे सांगितलं नाही. तेव्हा तरी कपट नव्हतं, उगाच गोंधळ कशाला, एवढंच मनात होतं. असं मला वाटतं. आता त्याची खात्री कोण देणार?

चौथ्या आठवड्यात त्यांची दहाही बोटं चालायला लागली. पाचव्या आठवड्यात त्यांनी माझ्याइतक्या वेगात अख्खी पत्रिका केली, आणि माझ्या दोन चुका होत्या, त्यांची एकही नव्हती. मी तोंडाने "वा काका" म्हणाले आणि मनात दीड महिन्यातले उरलेले दिवस मोजले. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. नोकरी कायम झाली तर वर्षभर थांबू, असं बाबा म्हणाले होते. हे सगळं खरं आहे. आणि त्याचा इथे काही उपयोग नाही, कारण काकांच्या घरीही माणसं होती, आणि ते मला माहीत होतं.

परीक्षेचा दिवस. सकाळी अकराची वेळ. अण्णा बघायला येणार होते. काका मोरीत हात धुत होते — नळाचा आवाज येत होता मला. मी माउस हातात घेतला आणि मांडणी बदलली. दोन क्लिक. एवढंसं काम.

काका आले, खुर्चीत बसले. अण्णांनी लग्नपत्रिकेचा मजकूर पुढे ठेवला. "आमच्या येथे श्रीकृपेकरून" — जन्मभर हजारदा जुळवलेली ओळ. जुळारी मजकुराकडे बघतो, हाताकडे नाही. काकांनी तशीच दहा बोटांनी, वर न बघता, सबंध ओळ मारली. मग मान वर केली.

पडद्यावर मराठीसारखं दिसणारं काहीतरी होतं, पण मराठी नव्हतं.

त्यांनी पुसलं. पुन्हा मारली. तेच. तिसऱ्यांदा ते थांबले. एक बोट काढलं, मान पुढे केली, आणि एकेक अक्षर शोधायला लागले. टक्. चुकलं. टक्. — ते बोट. त्याचीच नक्कल मी स्टेजवर करत आले. ते बोट मी तयार केलं होतं.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. संशयाने नाही. विद्यार्थी बाईंकडे बघतो तसं, काहीतरी सांगाल का म्हणून. मी पडद्याकडे बघत राहिले. दोन क्लिकमध्ये सगळं परत जागेवर आलं असतं. बोलायला तोंड होतं मला.

काका उठले. अण्णांना म्हणाले, "चेडवान बरा शिकवल्यान, अण्णा. माझ्याच टकल्यात शिरूक नाय." पोरीने चांगलं शिकवलं, माझ्याच डोक्यात शिरलं नाही. जाता जाता त्यांनी माझी बाजू घेतली. मी नोकरीत कायम झाले. तिथून पुढे मोठ्या कंपनीत, मग शिकवण्यात, मग स्टेजवर. सगळं त्या खुर्चीवरून सुरू झालं.

कुठल्या तोंडाने मी मुलांना जिद्द शिकवत होते?

आणि हे कधीच सांगितलं नसतं, हेही कबूल करते. यंदा जूनमध्ये चिंचपोकळीच्या एका मंडळाचा समारंभ होता. भाषण रंगलं, नक्कल झाली, टाळ्या झाल्या. नंतर माझ्याच वयाच्या आसपासची एक बाई मुलीला घेऊन पुढे आली. वैशाली. तिला मी कोण हे ठाऊक नव्हतं, मी भाषणात छापखान्याचं नाव कधी घेत नाही. म्हणाली, मॅडम, अगदी माझ्या बाबांचीच गोष्ट सांगितलीत. तेही गिरगावात प्रेसमध्ये होते, दत्ताराम परब. घरी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून रोज सराव करायचे आणि ऐन वेळी हात टेकले. मग लोअर परळला वॉचमनची नोकरी धरली. माझं कॉलेज सुटलं, मेडिकलच्या दुकानात उभी राहिले. मी त्यांना खूप बोलले हो त्यावरून. शेवटपर्यंत बोलले. हिला तेच सांगते, आजोबांसारखं मध्येच सोडू नकोस.

मी काय केलं असेल? मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. दोघींबरोबर फोटो काढला. हसले पण त्या फोटोत. आणि टॅक्सी करून घरी आले.

बाप गेला, आणि जाईपर्यंत लेकीच्या लेखी तो हात टेकणारा माणूस होता. मी गप्प राहिले तर नातीच्या लेखीही तोच राहणार. दहा दिवस मी हे टाळून बघितलं. मग मंडळाच्या सेक्रेटरींकडून पत्ता घेतला आणि रविवारी दुपारी चिंचपोकळीला गेले.

वैशालीला कौतुक वाटलं, मॅडम घरी आल्या. चहा टाकायला निघाली. मी म्हटलं, आधी बस. आणि सांगून टाकलं, मांडणीचं, दोन क्लिकचं, पत्रिकेच्या त्या ओळीचं, नळाच्या आवाजाचंसुद्धा. मध्ये रडले नाही. रडले असते तर तिला माझी समजूत काढावी लागली असती.

ती ओरडली नाही. एकच विचारलं.

"म्हणजे त्यांना येत होतं?"

"येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं."

ती उठली. स्टुलावर चढून माळ्यावर हात घातला आणि एक जुना पुठ्ठा खाली काढला. कुठल्याशा कॅलेंडरच्या पाठीचा. पेनाने चौकोन आखलेले, प्रत्येकात काकांच्या हातचं एक अक्षर. मधले काही चौकोन बोटांनी घासून पार पुसट झालेले. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला.

"ती ओळ मारून दाखवा."

मी मारली. पुठ्ठ्यावर आवाज येत नाही. ती माझ्या बोटांखालची अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचत गेली, आ, म, च्या, थेट "श्रीकृपेकरून"पर्यंत. एकही अक्षर चुकीच्या घरात नव्हतं. तिने माझं बोट धरून ओळ पुन्हा पहिल्यापासून मारायला लावली. मी पुन्हा मारली.

येत्या आठवड्यात लालबागला समारंभ आहे. आमंत्रण मी घेतलं आहे. हीच गोष्ट सांगणार, त्यांचं नाव घेऊन आणि माझंही. नंतर बोलावतील न बोलावतील.

त्या रविवारी ओळ दुसऱ्यांदा मारून झाली तेव्हा वैशालीने पुठ्ठा माझ्या मांडीवरून उचलला आणि छातीशी धरला. गॅलरीत उभ्या असलेल्या मुलीला हाक मारली.

"तन्वी, आत ये. आजोबांना कॉम्प्युटर येत होता."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "या तुम्ही आता." मी चपला घातल्या आणि जिना उतरले.